फिजिओथेरपी असिस्टंट व्हायचंय? पैसे भरायच्या आधी हे वाचा : कोणता कोर्स खरा, कोणता कागद कशाच्या कामाचा

किनवट : बारावीचा निकाल लागला की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. 'फिजिओथेरपी डिप्लोमा, एक वर्ष, शंभर टक्के नोकरी', 'ओटी असिस्टंट व्हा, दहावी पास चालेल', 'शिका आणि स्वतःचं सेंटर टाका'. गावातली पोरं-पोरी विचारायलेत, हे खरं आहे का? घरच्यांनाही वाटतं, कापसाचे पैसे हातात आहेत, भरून टाकू, लेकराचं भलं होईल. म्हणून या क्षेत्रात शिरायचे रस्ते कोणते, प्रत्येक रस्त्यावर शेवटी हातात काय पडतं आणि काय पडत नाही, हे एका ठिकाणी दिलं आहे. लेख मोठा आहे. आज नाही वाचून झाला तर जपून ठेवा, पण पैसे भरायच्या आधी वाचा.

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगतो. काम चांगलं आहे, माणसांची गरज आहे. पण महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट व्हायला पदवीच लागते. एक वर्षाच्या किंवा सहा महिन्यांच्या कागदावर कोणी फिजिओथेरपिस्ट होत नाही. त्या कागदावर मदतनीस म्हणून नोकरी मिळू शकते, स्वतःचं सेंटर टाकता येत नाही. एवढा फरक ध्यानात राहिला तरी बरेच पैसे वाचतील.

हे काम आहे तरी काय?

फिजिओथेरपीला सरकारी मराठीत भौतिकोपचार म्हणतात. हाड मोडून प्लास्टर निघालं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, लकवा मारला, कंबर धरली, तर व्यायाम, शेक, यंत्र आणि चालण्याचा सराव यातून शरीराची हालचाल परत आणायची, हे ते काम.

दुसरं आहे ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार. इथं व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस रोज जी कामं करतो ती सगळी यात येतात. जेवणं, अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, लिहिणं, शेतात काम करणं. समजा कडबाकुट्टीत हात गेला, डॉक्टरांनी शिरा जोडल्या. हात राहिला, पण मूठ वळत नाही. आता त्या हातानं भाकर कशी मोडायची, सदऱ्याचं बटन कसं लावायचं, विळा कसा धरायचा, हे परत शिकवणारा माणूस म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मूठ पूर्ण वळत नसेल तर तो विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करायला सांगेल. गरज पडली तर हाताला आधाराची पट्टी, म्हणजे स्प्लिंट बनवून देईल.

या दोघांच्या हाताखाली काम करणारा तो असिस्टंट, म्हणजे सहाय्यक. पेशंटला खाटेवरून खुर्चीत घेणं, चालताना कमरेला धरणं, ठरवून दिलेला व्यायाम मोजून करून घेणं, शेकाची तयारी करणं, आज किती पावलं चालला ते लिहून ठेवणं, ही त्याची कामं. रोग कोणता, व्यायाम कोणता, यंत्र किती वेळ लावायचं, हे तो ठरवत नाही. ते थेरपिस्ट ठरवतो.

एक घोळ इथंच सांगून ठेवतो. 'ओटी' या दोन अक्षरांचे दोन अर्थ आहेत. एक ऑक्युपेशनल थेरपी, दुसरा ऑपरेशन थिएटर. आपल्याकडं 'ओटी असिस्टंट' किंवा 'ओटी टेक्निशियन' म्हणून जे कोर्स चालतात ते बहुतेक ऑपरेशन थिएटरचे असतात. ते कामही चांगलं आहे, पण वेगळं आहे. प्रवेश घेताना पूर्ण नाव विचारा.

आपल्या भागात गरज कशासाठी?

किनवटहून नांदेड दीडशे किलोमीटरच्या आसपास. लकव्याच्या पेशंटला थेरपी एकदा देऊन भागत नाही, ती महिनोन्‌महिने रोज लागते. पहिले तीन ते सहा महिने सगळ्यात मोलाचे असतात, कारण त्या काळात मेंदू आणि शरीर जास्तीत जास्त सावरतं. आता विचार करा. मांडवी किंवा इस्लापूरच्या पुढच्या तांड्यावरचा माणूस रोज नांदेडला कसा जाणार? गाडीभाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि जेवणखाण धरलं तर आठवड्यातून एकदा जाणंही अवघड. मग होतं असं की दवाखान्यातून सुट्टी मिळते, चार दिवस व्यायाम होतो, नंतर माणूस खाटेवर पडून राहतो. हात आखडतो, पाठीला जखमा होतात. जो माणूस काठी धरून शेताच्या बांधापर्यंत गेला असता तो घरातच अडकतो.

लहान लेकरांचंही तसंच आहे. जन्मताना रडलं नाही, मान धरायला उशीर झाला, पाय कडक राहिले, अशा लेकरांना सेरेब्रल पाल्सी असू शकते. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. ज्या लेकरात दोष दिसेल त्याला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवलं जातं. पण केंद्रात शिकवलेला व्यायाम घरी रोज करून घ्यायला कोणीतरी लागतं.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. किनवट-माहूरच्या भागात मराठीसोबत गोंडी, कोलामी, गोरमाटी आणि तेलुगू बोलली जाते. खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'गुडघा सरळ करा, पाच मोजा' हे त्याच्या बोलीत सांगणारा माणूस शहरातल्या थेरपिस्टला सहजी मिळत नाही. तो आपल्या गावात आहे. शिकलेला नाही, एवढंच.

हे शिक्षण महाराष्ट्रातूनच सुरू झालं

देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या होत्या कमलाबाई निंबकर. त्या जन्मानं अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. करडई पेरणाऱ्या शेतकऱ्याला निंबकर हे नाव नवीन नाही. 'नारी-६' ही बिनकाट्याची करडई काढणारी फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था त्यांचे चिरंजीव बी. व्ही. निंबकर यांनी उभी केली.

फिजिओथेरपीची पहिली शाळाही केईएममध्येच, १९५३ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं निघाली. त्या काळी मुंबईत पोलिओची मोठी साथ आली होती. औषध नव्हतं, लुळ्या पडलेल्या पायात बळ आणायला व्यायाम शिकवणारी माणसं हवी होती. पुढं लस आली आणि २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण तोवर अपघात, लकवा, गुडघे आणि म्हातारपण यांनी थेरपीचं काम वाढवलं होतं, कमी झालं नाही.

कायद्यात 'असिस्टंट' कुठं बसतो?

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट आणि ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट ही कायद्यानं मान्य अशी वेगळी पदं आहेत. तिथं दोन वर्षांचा मान्यताप्राप्त कोर्स, मग परीक्षा, मग राज्याचं लायसन्स, अशी रीत आहे. इंटरनेटवर शोधलं की बहुतेक माहिती तिथलीच समोर येते आणि आपली पोरं ती इथली समजतात.

आपल्याकडं चित्र वेगळं आहे. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यानं राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे. पदवीधर थेरपिस्टची नोंदणी तिथं होते. नोंदणी नसताना थेरपिस्ट म्हणून पेशंट तपासणं कायद्यात बसत नाही. पदवी नसलेल्या असिस्टंटला त्या नोंदणीत फिजिओथेरपिस्ट म्हणून जागा नाही.

त्यानंतर २०२१ साली केंद्रानं संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे दोन्ही व्यवसाय त्यात आहेत. कायद्यानं दोन पायऱ्या केल्यात. वरची 'हेल्थकेअर प्रोफेशनल'. त्यासाठी कमीत कमी ३,६०० तासांची पदवी, तीन ते सहा वर्षांत. खालची 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल'. त्यासाठीसुद्धा कमीत कमी २,००० तासांचा डिप्लोमा किंवा पदवी, दोन ते चार वर्षांत.

आता हिशेब तुम्हीच करा. रोज चार तास, आठवड्यात सहा दिवस असा सहा महिन्यांचा कोर्स केला तर जेमतेम सहाशे-सव्वासहाशे तास होतात. 'आमचा सहा महिन्यांचा कोर्स नव्या कायद्यानुसार मान्य आहे' असं कोणी म्हणालं तर हे दोन हजार तास त्याच्यापुढं ठेवा.

रस्ता पहिला : पदवी

ज्याला स्वतःच्या नावानं थेरपिस्ट म्हणून काम करायचं त्याच्यासाठी हा एकच रस्ता आहे. फिजिओथेरपीची पदवी म्हणजे बी.पी.टीएच., ऑक्युपेशनल थेरपीची बी.ओ.टीएच. चार वर्षं शिक्षण आणि वर इंटर्नशिप. इंटर्नशिप आधी सहा महिन्यांची होती. राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या नव्या फिजिओथेरपी अभ्यासक्रमात ती एक वर्षाची केली आहे, म्हणजे एकूण पाच वर्षं धरून चला.

बारावी विज्ञान लागते, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. महाराष्ट्रात हे प्रवेश नीट परीक्षेवर आणि राज्य सीईटी कक्षाच्या फेऱ्यांमधून होतात. इथं आपली पोरं चुकतात. त्यांना वाटतं नीट फक्त एमबीबीएससाठी. एमबीबीएसला नंबर लागण्याएवढे मार्क पडणार नाहीत म्हणून ती फॉर्मच भरत नाहीत आणि मग थेरपीचाही दरवाजा त्या वर्षापुरता बंद होतो. थेरपीला एमबीबीएसइतके मार्क लागत नाहीत. म्हणून बारावी विज्ञानच्या प्रत्येक मुला-मुलीनं नीटचा फॉर्म भरावा. फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटतात, परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला असते.

कॉलेजं कुठं? लातूरला एमआयटी संस्थेचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. छत्रपती संभाजीनगरला एमजीएमचं आहे. सरकारी शिक्षण हवं असेल तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दोन्ही शाखा आहेत. आपल्याला नागपूर तसं परकं नाही. मुंबईत केईएम, नायर आणि सायन ही पालिकेची रुग्णालयं आहेत. ऑक्युपेशनल थेरपीची कॉलेजं मात्र राज्यात मोजकीच आहेत.

फीचा प्रश्न मोठा आहे. खासगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय यादी त्यांच्या वेबसाईटवर असते. कॉलेज तोंडी जे सांगेल ते त्या यादीशी ताडून बघा. आदिवासी, मागासवर्गीय, भटके-विमुक्त आणि ओबीसी मुलांना महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती आणि फी सवलत मिळते. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे. पण प्रवेश सरकारी फेरीतूनच झालेला पाहिजे. कॉलेजात थेट जाऊन मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. आदिवासी विद्यार्थ्यांनी वसतिगृह आणि 'स्वयं' योजनेच्या भत्त्यासाठी किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आधीच चौकशी करावी.

रस्ता दुसरा : रुग्णसेवेचे कमी मुदतीचे कोर्स

ज्याला पाच वर्षं शिकणं जमत नाही, घरी लवकर पैसे लागतात किंवा बारावी आर्ट्स झाली आहे, त्याच्यासाठी हा रस्ता आहे. यात 'जनरल ड्युटी असिस्टंट' आणि 'होम हेल्थ एड' ही दोन नावं लक्षात ठेवा. पहिला दवाखान्यातला मदतनीस, दुसरा घरी जाऊन पेशंट सांभाळणारा. पेशंट उचलणं, बसवणं, कूस बदलणं, अंघोळ घालणं, नाडी-ताप बघणं, स्वच्छता, हे यात शिकवतात. थेरपी विभागात मदतनीस म्हणून घेताना दवाखाने अशीच माणसं बघतात आणि पुढचं काम थेरपिस्टच्या हाताखाली शिकवतात.

हे कोर्स शक्यतो सरकारी योजनेतून करा. ग्रामीण गरीब घरातल्या तरुणांसाठी २०१४ पासून दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, वय १५ ते ३५. महिला आणि विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी वयाची मर्यादा ४५ पर्यंत. शिकायला पैसे लागत नाहीत. आपल्या राज्यात ही योजना 'उमेद' अभियानातून चालते, म्हणून पंचायत समितीतल्या उमेदच्या कक्षात किंवा बचत गटाच्या ताईकडं विचारा. आरोग्याची बॅच दर वेळी असेलच असं नाही, नाव नोंदवून ठेवावं लागतं. जिल्हा कौशल्य विकास केंद्रातही चौकशी करा.

हा रस्ता काय देतो? नोकरी आणि हाताला वळण. काय देत नाही? थेरपिस्ट ही ओळख, नोंदणी आणि स्वतःचं सेंटर.

रस्ता तिसरा : दिव्यांगांसोबत काम

१९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वसन परिषद झाली. दिव्यांगांसोबत काम करणाऱ्या १६ प्रकारच्या कामगारांची नोंदणी तिथं होते. विशेष शिक्षक त्यात येतात, तसेच बहुउद्देशीय पुनर्वसन थेरपिस्ट-तंत्रज्ञ आणि गावपातळीवर पुनर्वसनाचं काम करणारेही येतात. असिस्टंटच्या कामाला सगळ्यात जवळचं आणि कायद्यानं नोंद होणारं असं काही हवं असेल तर इथं बघावं. परिषदेनं मान्य केलेल्या संस्थांची आणि कोर्सची यादी तिच्या वेबसाईटवर असते. तिथं नाव नसेल तर ती संस्था काहीही म्हणो, नोंदणी होणार नाही.

राष्ट्रीय न्यास या केंद्राच्या संस्थेची 'सहयोगी' योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांची काळजी घेणारे मदतनीस त्यात तयार केले जातात. स्वतःच्या घरात असं लेकरू असलेल्या आई-बापांनाही हे शिक्षण उपयोगी पडतं.

पैसे भरायच्या आधी हे सात प्रश्न विचारा

१. कोर्सचं पूर्ण नाव काय आणि प्रमाणपत्र कोण देणार? फक्त संस्था देणार असेल तर त्याला वजन नाही.

२. कोर्स कोणत्या विद्यापीठाशी, मंडळाशी किंवा परिषदेशी जोडलेला आहे? पदवी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या किंवा मान्य अभिमत विद्यापीठाच्या यादीत कॉलेज पाहिजे.

३. हा कोर्स केल्यावर माझी नोंदणी कुठं होईल? 'व्यवस्था करू' हे उत्तर नाही.

४. प्रत्यक्ष पेशंटसोबत किती तास आणि कोणत्या दवाखान्यात? थेरपी पुस्तकातून किंवा व्हिडिओतून येत नाही. दवाखान्याचं नाव घ्या आणि तिथं जाऊन विचारा.

५. शिकवणारा थेरपिस्ट नोंदणीकृत आहे का? त्याचा नोंदणी क्रमांक मागा. खरा असेल तर राग येणार नाही.

६. फी किती, पावती कोणत्या नावानं, सोडायचं झालं तर परत किती? मूळ टी.सी. आणि मार्कमेमो ठेवून घेत असतील तर सावध व्हा.

७. मागच्या बॅचची पोरं आज कुठं कामाला आहेत? दोघा-तिघांशी फोनवर बोला.

परराज्यातला डिप्लोमा असेल तर जास्त जपा. आदिलाबाद आपल्याला जवळ आहे, तिथून पुढं हैदराबादही. पण एका राज्यातला डिप्लोमा दुसऱ्या राज्यात नोंदणीला चालतोच असं नाही. 'परदेशात नोकरी' म्हणणाऱ्यांचंही तेच. अमेरिकेत असिस्टंट व्हायला तिथली परीक्षा आणि लायसन्स लागतं. इथल्या सहा महिन्यांच्या कागदावर तिकडं कोणी घेत नाही.

कामात नेमकं काय शिकावं लागतं?

थोडे नमुने देतो. घरात पेशंट असेल तर याचा उपयोग आजच होईल.

कूस : खाटेवर पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, टाचा, खुबे इथली कातडी रोज बघायची. लालसर डाग दिसला म्हणजे जखमेची सुरुवात.

लकव्याचा हात : लुळा हात धरून माणसाला कधीच ओढून उठवू नये. खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, तो निखळतो. कमरेला आणि पाठीला धरून उठवायचं. बसवल्यावर हात उशीवर ठेवायचा, लोंबू द्यायचा नाही.

जेवण : लकव्याच्या माणसाला आडवं ठेवून पाणी पाजू नये, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. ताठ बसवून, छोटा घास, गिळल्याची खात्री करून मग पुढचा.

काठी : दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. डावा पाय दुखत असेल तर काठी उजव्या हातात. आपल्याकडं नव्वद टक्के लोक उलटं करतात असं म्हटलं तरी चालेल, एवढं हे नेहमी दिसतं.

पायऱ्या : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

कुबडी : काखेत आणि कुबडीत दोन-तीन बोटांची जागा पाहिजे. भार हातावर घ्यायचा, काखेवर नाही. काखेवर भार दिला तर नस दबून हात बधिर होतो.

मदतनिसाची कंबर : पेशंट उचलताना गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, पेशंट अंगाजवळ. पोतं उचलणाऱ्या हमालाला हे ठाऊक असतं. नाहीतर मदतनीसच पेशंट होतो.

काय करायचं नाही?

चांगला असिस्टंट कुठं थांबायचं ते ओळखतो. व्यायाम करताना छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरला सांगायचं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर चोळायचं नाही. आत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. मानेला किंवा मणक्याला झटका द्यायचा नाही. करंटचं यंत्र स्वतःच्या मनानं लावायचं नाही. पेसमेकर बसवलेल्या माणसाला तर नाहीच नाही. कातडी बधिर असलेल्या, म्हणजे जुना साखरेचा किंवा कुष्ठरोगाचा त्रास असलेल्या माणसाला शेक देताना भाजतं तरी त्याला कळत नाही, तिथं फार जपायचं.

अर्धवट शिकून सेंटर टाकण्यातला खरा धोका हा आहे. फी बुडाली तर ती पुढच्या हंगामात निघते. दुसऱ्याच्या मानेला इजा झाली तर ती भरून देता येत नाही.

नोकरी कुठं मिळते?

पदवीधरांना सरकारी आरोग्य विभागात भौतिकोपचार तज्ञ आणि व्यवसायोपचार तज्ञ अशी पदं आहेत, राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी जागा निघतात, समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी थेरपीचं काम असतं. कोर्स केलेल्या मदतनिसांना नांदेडच्या डॉक्टर लेनमधले हाडांचे आणि मेंदूचे दवाखाने, शहरांमधली फिजिओथेरपी सेंटर, वृद्धाश्रम आणि घरपोच रुग्णसेवा देणाऱ्या कंपन्या घेतात. बाई पेशंटला बाई मदतनीसच हवी असते, त्यामुळं मुलींना काम लवकर मिळतं. सुरुवातीचा पगार फार नसतो आणि काम अंगमेहनतीचं असतं. घाण काढावी लागते, पेशंटचा राग सोसावा लागतो. ज्याला किळस आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात परवानगी घेऊन एक-दोन दिवस नुसतं बसून बघा. पेशंटला उठवताना, जखम धुताना बघितलं की हे काम आपल्याला जमेल का, हे फी भरायच्या आधी कळतं.

कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा

दहावी-बारावीचे मार्कमेमो, टी.सी., आधार, रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी नॉन-क्रीमी लेयर, आधार जोडलेलं बँक खातं. यात सगळ्यात जास्त वेळ जात वैधतेला लागतो. मुलगा अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. निकालानंतर पळापळ केली तर फेरी निघून जाते आणि मग नाइलाजानं पोरं एक वर्षाच्या डिप्लोमाच्या जाहिरातीकडं वळतात.

थोडक्यात : बारावी विज्ञान असेल तर नीटचा फॉर्म भरा. नसेल तर सरकारी योजनेतून मदतनिसाचा कोर्स करा. दिव्यांगांसोबत काम करायचं असेल तर पुनर्वसन परिषदेची यादी बघा. यातलं काहीच न विचारता 'आज भरा, उद्या रेट वाढेल' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.